कुलूप लावलेली वाडी ओसाड असते का?

गेल्या डिसेंबरात मी राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत चार दिवस राहिले. पनवेलहून रात्रीची गाडी, पहाटे राजापूर रोड स्टेशन, तिथून रिक्षा आणि शेवटचा टप्पा पायी, चिऱ्यांच्या पाखाडीने खाली. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही. कुठलं घर बंद असतं आणि कुठे म्हातारं माणूस एकटं राहतं, ही माहिती नावागावासकट लिहायची नसते. फील्डवर्कची ही पहिली शिस्त.

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. माझी एम.एस्सी. पर्यावरणशास्त्रातली आणि पीएच.डी.चा विषय आहे पडीक भातशेतीवर झाडोरा कसा परत येतो हा. त्यासाठी एकच साधी गोष्ट आधी कळावी लागते: शेत कधीपासून पडीक आहे? मला वाटलं, उपग्रहाच्या प्रतिमा लावल्या की झालं. या वाडीभोवतीची जवळपास सगळी भातशेती मी नकाशावर ‘सोडलेली’ म्हणून लाल रंगवली आणि खूश होऊन गाईडना दाखवली.

त्यांनी एकच प्रश्न विचारला. "प्रतिमा कुठल्या महिन्यातल्या?"

"डिसेंबर ते फेब्रुवारी, मॅडम. पावसाळ्यात ढग असतात ना."

"मग भात कापून झाल्यावरचं शेत आणि दहा वर्षं न लावलेलं शेत, यातला फरक तुला दिसणार कसा?"

दिसणारच नव्हता. कोकणात भात उभं असतं जून ते ऑक्टोबर, आणि नेमके तेच महिने आकाश झाकलेलं. म्हणजे वरून स्वच्छ दिसतं ते कोकण नेहमी हिवाळ्यातलं. माझ्या नकाशातलं ‘ओसाड’ निम्मं तरी नुसतं ‘हिवाळा’ होतं. म्हणून गेले. आणि जाऊन आल्यावर समजलं की ही चूक माझ्या एकटीची नाही. हिवाळ्यातलं गाव पाहून त्यावर ‘ओसाड’ असा शिक्का मारायची सवय आपल्या मोजण्याच्या पद्धतीतच आहे. हा लेख त्याबद्दल आहे.

वाडी वाचायची कशी

सकाळी नऊ वाजता वाडीत उभं राहिलं तर पहिल्यांदा जाणवते ती शांतता. कुत्रं भुंकतं, दूर कुठेतरी मिक्सर चालू असतो, बाकी काही नाही. उघडी घरं दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील इतकीच. बाकीच्यांना कुलपं.

पण कुलूप सगळं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मी घरं सोडून त्यांच्या समोरचं अंगण बघायला लागले. कोकणात त्याला खळं म्हणतात. पावसाळ्यात खळ्याची पार वाट लागते. पाऊस गेला की माती टाकून, चोपून, शेणाने सारवून ते नव्याने करावं लागतं. डिसेंबरात खळं सारवलेलं असेल तर त्या घरात कोणीतरी या मोसमात हात चालवलाय हे नक्की. खळं नुसतं झाडलेलं असेल तर शेजारचं कोणी लक्ष ठेवतंय. खळ्यात गुडघाभर वाळकं गवत असेल तर या वर्षी तरी कोणी फिरकलेलं नाही.

मग छप्पर. कौलारू घराची कौलं पावसाआधी परतावी लागतात. माकडांनी फोडलेली बदलावी लागतात. एखादं वर्ष चुकलं तर गळतं, काही पावसाळे सलग चुकले की रिपा आणि वासे कुजतात. छप्पर बसलं की मातीच्या भिंतीला पाऊस थेट लागतो आणि मग घर फार काळ उभं राहत नाही. पडलेल्या घराच्या जोत्यावर वाढलेल्या झाडाचा घेर मोजला की किती काळ गेला याचा ढोबळ अंदाज येतो. याउलट कुलूप असूनही छपरावर नवे निळे पत्रे असतील, तर मालक मुंबईत बसून या घरावर पैसे खर्च करतोय.

शेताचंही तसंच. कापलेल्या भाताचा खुंट ज्या कुणग्यात आहे तो जिवंत. जिथे नुसतं गवत आहे तो काही वर्षांपूर्वीच सुटलेला. जिथे ऐन आणि किंजळीची रोपं कमरेला लागतात, तो त्याहून आधीचा. बांध फुटलेला आहे की नाही हेही बघायचं, कारण बांध धरून ठेवणं हे दरवर्षीचं काम आहे. रानडुकरं आणि माकडं यांच्यामुळे शेती सोडली असं बहुतेकांनी सांगितलं. पण कुठला कुणगा आधी सोडला हे विचारलं की उत्तर घरातल्या माणसांपाशी येऊन थांबायचं: भाऊ गेला तेव्हा, बैल विकले तेव्हा, आईला दिसेनासं झालं तेव्हा.

आणि आंब्याच्या बागा? त्यांना डिसेंबरात मोहोर होता, फवारणी चालू होती. राखण करायला नेपाळी कुटुंबं होती. ही मंडळी पाऊस सरला की येतात, बागेतच खोपी-खोलीत राहतात, आंबा उतरला की परत जातात. फळ जातं वाशीच्या मार्केटला, म्हणजे माझ्या घरापासून काही स्टेशनं अंतरावर. मालक मुंबईत, राखणदार नेपाळचा, फळ नवी मुंबईत, आणि वाडीला कुलूप. २०२१च्या नेपाळच्या जनगणनेत तिथल्या अनेक डोंगरी जिल्ह्यांची लोकसंख्या घटलेली दिसली. म्हणजे आमची बंद वाडी राखायला दुसऱ्या देशातल्या वाड्या बंद होतायत.

‘बेचिराख’ हा जुना शब्द

महसुली दप्तरात ओसाड गावासाठी एक शब्द आहे: बेचिराख. मूळ फारसी, बे-चिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं गाव. बेचिराख गावालाही हद्द असते, नकाशा असतो, सारा असतो. फक्त माणूस राहत नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४३ हजारांहून जास्त गावांची नोंद आहे आणि त्यातली सुमारे २,७०० गावं वस्ती नसलेली आहेत.

गाव ओस पडणं ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरातेत भीषण दुष्काळ पडला. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणं उद्ध्वस्त केलं. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली हा मुलूख पुन्हा वसवला गेला, तो कौल देऊन. कौल म्हणजे लेखी अभय: या, जमीन लावा, पहिल्या वर्षी सारा अगदी नाममात्र, पुढे दरवर्षी थोडा थोडा वाढवत पूर्ण दरावर. या चढत्या हप्त्याला इस्तावा म्हणत.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. त्या काळात ओस गाव ही सरकारची डोकेदुखी होती, कारण माणूस नाही तर पीक नाही, पीक नाही तर सारा नाही. म्हणून राज्य माणसाला बोलावून आणायचं. ओसाड होण्याचं कारणही ठळक असायचं: दुष्काळ, स्वारी, साथ. तारीख जवळपास सांगता यायची.

कोकणातल्या कुलपाला अशी तारीख नाही. इथे कोणी जाळपोळ केली नाही, दुष्काळ पडला नाही. मग हे रिकामेपण आलं कुठून?

हिवाळ्यात रिकामं होणं ही जुनी रीत

१८८० साली मुंबई सरकारने रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर छापलं. त्यात या जिल्ह्याचं वर्णन मुंबईला माणसं पुरवणारा मुलूख असंच येतं: फौजेला, पोलिसांत, गिरण्यांना, घरकामाला. आणि त्यातला एक तपशील माझ्या कामासाठी फार मोलाचा ठरला. भात कापून झालं की पुष्कळ पुरुष उघाडीच्या दिवसांत मुंबईला कामाला जात आणि पावसाच्या तोंडावर लावणीला परत येत.

म्हणजे कोकणातली वाडी हिवाळ्यात अर्धी रिकामी असणं, हे किमान दीडशे वर्षांपासून चालू आहे! त्याला कोणी ओसाड म्हणत नव्हतं. ते वेळापत्रक होतं. समुद्रही त्याला धरून होता. किनाऱ्यावरच्या बोटी पावसाळ्यात बंद, पाऊस संपला की चालू. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशा बंदरांतून माणसं मुंबईला उतरत.

जाण्यामागे कारणं होती. डोंगरउताराची जमीन, एकच पीक, आणि तेही वाटणीत तुकडे तुकडे झालेलं. वर खोती. खोत म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा वतनदार. कुळाकडून तो पिकाचा मोठा हिस्सा घ्यायचा. हाताला रोख पैसा लागायचा तर मुंबई. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कुलाबा जिल्ह्यात चरी इथे नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून कुळांचा संप चालू होता. खोती कायद्याने गेली ती १९४९च्या कायद्याने. तोवर मुंबईची वाट पिढ्यांच्या पायाखालची झाली होती.

गिरणी, मनीऑर्डर आणि संप

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली आणि ती १८५६ला चालू झाली. गिरण्या वाढल्या तशी वरची रीत बदलत गेली. गिरणी बारा महिने चालते. लावणीला महिनाभर सुट्टी मिळतेच असं नाही. मग पुरुष मुंबईत कायमचा आणि बायको-आई गावात, अशी विभागणी झाली. शेती बायकांनी रेटली, बियाण्याला आणि मजुरीला पैसे मनीऑर्डरने आले. याचा पुरावा जनगणनेत सरळ दिसतो: २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१३६ स्त्रिया होत्या, २०११ साली १,१२२. राज्यात सरासरी हजाराच्या खाली असताना इथे हे उलटं.

ही दुसरी पायरी. वाडीत माणसं कमी, पण दिवा रोज लागतोय आणि भातही लागतंय.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद होत गेल्या. या वाडीत दोन आजोबांनी मला सांगितलं की संपात ते गावी परत आले आणि काही वर्षं त्यांनी पडीक कुणगेसुद्धा पुन्हा लावले. माझ्यासाठी हे नवीन होतं. माझ्या मॉडेलमध्ये शेत एकदा सुटलं की सुटलं, असं गृहीत होतं. प्रत्यक्षात शेत सुटतं, परत धरलं जातं, परत सुटतं. एका कुणग्याच्या इतिहासात परळचा संप असू शकतो, हे उपग्रह सांगणार नव्हता.

तिसरी पायरी त्यानंतरची. पुढच्या पिढीने नोकऱ्या गिरणीत नाही, तर कुरिअर, बांधकाम, हॉस्पिटल, ऑफिस अशा ठिकाणी धरल्या. घरं लालबाग-परळला नाही, तर दिवा, विरार, नालासोपारा, घणसोली, कामोठे इथे घेतली. खोलीत आता कुटुंब मावत होतं. मुलांच्या शाळेसाठी बायकोही गेली. गावात उरले आई-वडील. चौथी पायरी म्हणजे ते थकले किंवा गेले, आणि कुलूप लागलं.

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, ७४१ किलोमीटर. तिचं मुख्यालय आमच्या बेलापूरला आहे. रेल्वे आली की माणूस गावात थांबेल, अशी आशा होती. माझ्या पाहण्यात रेल्वेने दोन्ही केलं: जाणं सोपं केलं आणि येणंही. ज्या घरात वर्षातून एकदा माणूस यायचा तिथे चारदा येतो. पण राहायला नाही.

फेब्रुवारीत मोजलेलं गाव

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्रात फक्त तीन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. आणि तिसरा? मुंबई शहर, ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११. म्हणजे वाडी आणि गिरणगाव, मनीऑर्डरची दोन्ही टोकं एकाच दशकात रिकामी होत होती. त्याच काळात तेव्हाचा ठाणे जिल्हा, ज्यात नवी मुंबईचा मोठा भाग येतो, ३६ टक्क्यांनी वाढून १ कोटी १० लाखांवर गेला. कोकणातल्या दोन जिल्ह्यांची घट मिळून एक लाखाच्या थोडी वर आहे.

हे आकडे खोटे नाहीत. पण ते कधीचे आहेत ते बघा. २०११ची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारी, संदर्भ क्षण १ मार्चची मध्यरात्र. त्या वर्षी होळी पेटली १९ मार्चला. कोकणात शिमग्याला पालखी घरोघर येते आणि तिच्यासाठी घर उघडायला मुंबईचा माणूस येतोच येतो. जनगणनेचा कर्मचारी आला आणि गेला, त्यानंतर तीन आठवड्यांनी वाडी भरली. पुढच्या जनगणनेचा संदर्भ क्षणही १ मार्च २०२७ असाच जाहीर झालाय, आणि त्या वर्षीही होळी त्यानंतरच आहे.

इथे एक काळजी घ्यायला हवी, नाहीतर आपणच घसरू. जनगणना शिमग्यात किंवा गणपतीत घेतली असती तर आकडा बदलला असता का? फारसा नाही. कारण माणूस मोजला जातो तो त्याच्या नेहमीच्या राहण्याच्या जागी, आणि चार दिवसांचा पाहुणा त्यात धरत नाहीत. म्हणजे जनगणनेची चूक नाही. ती ‘नेहमी कुठे राहता’ हा प्रश्न विचारते आणि एकच उत्तर घेते. कोकणातल्या माणसाचं उत्तर मात्र दोन जागी असतं. घरयादीच्या वेळी जनगणना ‘रिकामं घर’ आणि ‘वापरात असलेलं पण कुलूपबंद घर’ असा फरक करते. तो तक्ता उघडून बघा. बातमीत तो कधीच येत नाही.

हा प्रश्न फक्त आपला नाही. रशियात २०१०च्या जनगणनेत १,५३,१२४ ग्रामीण वस्त्या नोंदल्या गेल्या आणि त्यांतल्या १९,४१६ वस्त्यांत एकही माणूस नव्हता. तिथली कारणं आपल्यापेक्षा वेगळी. सामुदायिक शेतांवरच्या शेतकऱ्यांना १९७०च्या दशकापर्यंत देशांतर्गत पासपोर्टच सरसकट मिळत नव्हता, म्हणजे गाव सोडून जायचीच परवानगी अवघड. दुसरीकडे १९६० आणि ७०च्या दशकांत लहान खेड्यांना ‘भवितव्य नसलेली’ ठरवून तिथल्या शाळा, दुकानं, रस्ते यांवरचा खर्च थांबवला गेला आणि लोकांना मोठ्या खेड्यांत हलवलं गेलं. पण एक साम्य आहे. अशा खेड्यातली बरीच घरं शहरातल्या माणसांनी उन्हाळ्यासाठी ठेवलेली असतात. ती मोजणी झाली १४ ते २५ ऑक्टोबरला, थंडी सुरू झाल्यावर. आणि खरोखर कोण राहतं हे तिथेही हिवाळ्यातच कळतं: कुठल्या धुराड्यातून धूर येतो आणि बर्फात कुठल्या दारापर्यंत पावलं गेलीत यावरून.

आपल्याकडे बर्फ नाही. आपल्याकडे सारवलेलं खळं आहे.

दिवा कोण लावतं

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एका आजींच्या ओटीवर बसले होते. अंधार पडायला लागला तसं त्या उठल्या, कनवटीची चाव्यांची जुडी काढली आणि बाहेर पडल्या. मी मागोमाग. त्यांनी शेजारचं कुलूप काढलं, आत देवघरात दिवा लावला, हात जोडले, पुन्हा कुलूप. मग पुढचं घर. अशी तीन घरं. भावकीतली घरं, माणसं मुंबईला. तेलाचे आणि वातींचे पैसे ती माणसं देतात, नाही दिले तरी दिवा लागतो.

मी विचारलं, "आजी, ही घरं बंद कधी झाली?"

त्या थांबल्या. "कुलूप हाय म्हून घर मेलं काय गो बाय? दिवा लागतो रोज."

माझ्या वहीत त्या तिन्ही घरांपुढे मी ‘बंद’ लिहिलं होतं. बेचिराख या शब्दाचा अर्थ मला माहीत होता, चार दिवसांपूर्वीच वाचून गेले होते. पण तो अक्षरशः तपासायचा असतो, हे सुचलं नव्हतं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर हा लेख गोड होईल. त्या आजी पंच्याहत्तरीच्या पुढच्या आहेत. तीन चाव्या त्यांच्याकडे आहेत, त्यांची स्वतःची चावी पुढे कोणाकडे जाणार हे ठरलेलं नाही. ‘मुंबईची माणसं येतात’ म्हणून गाव जिवंत आहे असं म्हणणंही अर्धंच खरं. गणपतीत वाडी भरते तेव्हा पाणी कमी पडतं, आणि गौरी गेल्या की पुन्हा ती सातआठ माणसं. रात्री कोणाला साप चावला तर उचलून पाखाडीवर चढवायला खांदे नाहीत. वाडी मेलेली नाही, पण म्हणून ठीक आहे असंही नाही. संशोधकाने या दोन्हींपैकी एक निवडायची घाई करू नये.

वाडीचं अर्धं दप्तर नवी मुंबईत

परत आल्यावर मी एक काम केलं जे आधी करायला हवं होतं. वाडीच्या मुंबई मंडळाच्या सेक्रेटरींना भेटले. कोकणातल्या बहुतेक गावांचं असं मंडळ मुंबईत असतं. पूर्वी गिरणगावात गावकीची खोली असायची, त्याच गावचे बिऱ्हाडी तिथे राहायचे. आता या मंडळाचं दप्तर घणसोलीत एका घराच्या माळ्यावर आहे. वर्गणीच्या वह्या, सभांची इतिवृत्तं, देवळाच्या जीर्णोद्धाराचा हिशोब. कोण कुठल्या वर्षी कुठे राहायला गेला, वर्गणी कोणी कधी थांबवली, विहिरीला पैसे कोणी दिले, सगळं तारखेसह.

मी वाडीचा इतिहास शोधायला रात्रभर प्रवास करून गेले, आणि त्याचं अर्धं दप्तर माझ्या घरापासून वीस मिनिटांवर होतं!

यासोबत फेरफार नोंदवही बघायची, म्हणजे गाव नमुना ६. तिथे वारस नोंदी मिळतात आणि पत्ता ‘रा. मुंबई’ कधी झाला तेही कळतं. सातबाऱ्यावरची पीकपाहणी जपून वाचायची. एका जागी मला सलग अनेक वर्षं ‘भात’ लिहिलेलं दिसलं, तिथे प्रत्यक्षात माझ्या मनगटाएवढ्या बुंध्याची किंजळ उभी होती. कागद आणि झाड यांत भांडण झालं तर आधी झाडाचं ऐका.

एवढा आटापिटा कशासाठी

कारण ‘ओसाड’ हा नुसता शब्द नाही, त्यावर निर्णय होतात. २०१७च्या अखेरीस राज्य सरकारने दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा जवळच्या शाळेत सामावून घ्यायचं ठरवलं. पट कमी म्हणून शाळा जाते, शाळा नाही म्हणून उरलेलं एखादं तरुण कुटुंब जातं, आणि मग पट शून्य होतो. एसटीची फेरीही अशीच जाते. कोकणातल्या सड्यांना, म्हणजे कातळ पठारांना, कागदोपत्री पडीक म्हणून धरलं जातं. त्याच रत्नागिरीच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत, जी २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. जिथे कोणी राहत नाही असं आपण लिहितो, तिथे काहीही करता येतं असं पुढचा माणूस वाचतो. म्हणून नकाशावर लाल रंग भरण्याआधी आपल्याला त्याचा अर्थ माहीत असायला हवा.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी माझ्या चुकांमधून निघालेल्या चार गोष्टी:

१. व्याख्या आधी, नकाशा नंतर. मी आता ‘ओसाड’ हा एकच रकाना ठेवत नाही. घर उघडं आहे का, देखभाल होते का, दिवा लागतो का, शेत लागतं का, हे चार वेगळे रकाने आहेत, आणि चारही एकाच वर्षी बंद होत नाहीत.

२. प्रत्येक आकड्याला महिना असतो. वर्ष लिहून थांबू नका. मोजणी कुठल्या महिन्यात झाली आणि त्या महिन्यात त्या गावात काय चाललेलं असतं, ते शोधा. ढगांमधून बघायचं असेल तर रडार उपग्रहाचा डेटा असतो. सेंटिनेल-१ चा डेटा मोफत मिळतो. भाताची लावणी त्यात दिसू शकते. मी आता तोच वापरतेय.

३. आज जे दिसतं ते नवीन आहे असं धरू नका. हिवाळ्यात रिकामी वाडी १८८० मध्येही होती. नवीन आहे ते माणसं लावणीला परत न येणं. ऱ्हासाची तारीख शोधायची असेल तर लोक गेले कधी हे विचारून उपयोग नाही. शेवटची लावणी कधी केली, हे विचारा. मला या एका प्रश्नावर जितकी नेमकी उत्तरं मिळाली तितकी दुसऱ्या कशावरच नाही मिळाली.

४. गाव सोडून गेलेल्यांनाही विचारा. दप्तर त्यांच्याबरोबर गेलेलं असतं.

नवा नकाशा अजून पूर्ण झालेला नाही. लाल रंग बराच कमी झालाय. काही कुणगे पिवळे आहेत, म्हणजे दोन-तीन वर्षांआड लागणारे. ज्या कुणग्याची शेवटची लावणी नक्की झाली, त्याच्यावर वर्ष लिहितेय. जूनमध्ये पुन्हा जाणार आहे, या वेळी लावणीला. आजींनी सांगितलंय, नुसती वही घेऊन येऊ नकोस, चिखलात उतरायचं असेल तर ये.